दोन शेर हिंगाचा माग

ही गोष्ट अख्ख्या मुलखात फक्त मला ठाऊक आहे. म्हणजे मला, आणि ज्या अकरा जणांनी ती मला सांगितली त्यांना.

भोपळगडचा राजा झुंजारसेन दर सोमवारी आपल्या वेबसाइटवर स्वयंपाकाचा लेख टाकायचा. चूल त्याने लांबूनसुद्धा पाहिली नव्हती, पण राजाला कोण विचारणार? तो झोपाळ्यावर बसून सांगायचा आणि रखमाजी कारकून टाइप करायचा. हुकूम असा, की काना-मात्राही इकडची तिकडे करायची नाही.

एके दिवशी न्हाव्याने दाढी करता करता मोबाइल पुढे धरला. "महाराज, लेख तुमचाच दिसतोय. खाली नाव मात्र भलत्याचंच."

राजाचा अर्धा गाल साबणाने पांढरा, उरलेला अर्धा रागाने लाल. रखमाजीला बोलावणं गेलं.

"माझे लेख बाहेर विकतोस काय रे?"

"नाही महाराज. वेबसाइट चोवीस तास उघडी. कोणीही येतो, उचलतो आणि आपल्या नावावर छापतो."

"मग कोण कोण छापतो त्याची यादी आठ दिवसांत आण. नाही आणलीस, तर तू आणि तुझं बिऱ्हाड वेशीबाहेर!"

रखमाजीने सात दिवस मोबाइल घासला. राजाचं नाव घालून शोधावं, तर राजाचीच वेबसाइट समोर. चोर आधी नाव खोडतो, मग मथळा बदलतो. शोधायचं तरी काय? सातव्या दिवशी घरी येऊन तो मुकाट्याने भांडी गोणपाटात भरायला लागला.

त्याची बायको साळूबाई राजाच्या मुदपाकखान्यात मसाले कुटायची. ती दारातच थांबली. "हे काय चाललंय?"

"उद्या गाव सोडायचं."

"सोडा खुशाल. ते पितळी पातेलं माझ्या आईचं आहे, ते खाली ठेवा. आणि जाण्याआधी महाराजांचा एखादा लेख वाचून दाखवा. इतकं चोरण्यासारखं त्यात आहे काय, ते तरी कळू दे."

रखमाजीने लोणच्याचा लेख काढला. "पंचवीस कैऱ्या घ्याव्यात. त्यात दोन शेर हिंग घालावा..."

साळूबाई हसता हसता उंबऱ्यावरच बसली. "अहो, दोन शेर?"

"त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. कोठारात सगळं शेरावर मोजतात. चमचा त्यांना कुठून माहीत असणार?"

"भांडी परत मांडून ठेवा," साळूबाई म्हणाली. "उद्या मीही येते दरबारात."

दुसऱ्या दिवशी तिने आधी अभय मागून घेतलं, मग नवऱ्याकडे वळली. "हं, शोधा. दोन शेर हिंग. एवढंच लिहा."

रखमाजीने शब्द टाकले आणि चोरांची रांगच लागली. मोजून सदतीस! एकाने ही आपल्या पणजीची कृती म्हणून सांगितली होती, वर पणजीचा फोटो. एका वैद्याने ती पोटाच्या वातावर सुचवली होती. एकाने हुशारी करून कैऱ्यांच्या जागी आवळे घातले होते, हिंग मात्र दोन शेर तसाच.

प्रधान खाकरले. त्यांनीही आठवडाभर चोर शोधले होते आणि एकही सापडला नव्हता, म्हणून जरा झोंबलं होतं. "हे त्या लोकांनी आपापल्या डोक्याने लिहिलं नसेल कशावरून?"

"प्रधानजी, पंचवीस कैऱ्यांना दोन शेर हिंग आणखी कुणाच्या डोक्यात येईल?" साळूबाईने विचारलं.

राजाने हळूच आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी छताच्या तुळया मोजत होता.

"मग घालतात तरी किती?" राजाने विचारलं.

"दोन चमचे, महाराज," साळूबाई म्हणाली.

रखमाजीने डोळे मिटून घेतले.

राजाने मिशी ओढली. मग म्हणाला, "हा एक लेख झाला. बाकीच्या बावन्न लेखांचा माग कसा काढणार?"

"त्याची काळजीच नको. काल रात्री मी सगळे लेख वाचून घेतले. कढीच्या लेखात ताक घुसळायच्या आधी फोडणी दिली आहे. पुरणपोळीत डाळ शिजवायची राहून गेली आहे. महाराजांनी प्रत्येक लेखात आपली खूण ठेवलीच आहे. ती दुसऱ्या कुणाला जमायची नाही."

आधी राजाची मिशी हलली, मग पोट, मग सिंहासन. तो इतका हसला की मुकुट पडून प्रधानांच्या पायाशी गेला. राजा हसला म्हटल्यावर दरबारही हसला. आचारी सगळ्यात मोठ्याने.

राजाने रखमाजीला शाल दिली, साळूबाईला सोन्याच्या पाटल्या दिल्या आणि डोळे पुसत म्हणाला, "साळूबाई, आजपासून माझा प्रत्येक लेख आधी तू तपासायचा. यापुढे एकही चूक राहता कामा नये."

"नाही राहणार, महाराज," साळूबाई पाटल्या चढवत म्हणाली. "पण मग पुढचे चोर कशावरून शोधायचे?"