माचाची डबी आणि काळी कढई

भांडी एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, तेव्हाची गोष्ट. कुमुदताईंच्या फळीवर माचाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीची, हिरवी डबी नवी आली होती. जेवण उरकलं की ताई गरम पाण्यात चमचाभर माचा घुसळून पीत आणि तरतरीत होऊन कामाला लागत. डबी लोखंडी कढईला म्हणायची, "कढईबाई, तुमचा जन्म भाज्या शिजवण्यात गेला. ताईंच्या अंगात जोर आणते ती मी!"

कढई नुसती हसायची.

एके दिवशी ताई जिन्यातच धापा टाकत बसल्या. ओठ पांढरेफटक पडले होते. डॉक्टरीणबाई घरी आल्या, त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली. "अंगात लोह नाही. जेवणावर काही पिता का?"

"माचा."

"तरीच! जेवणातलं बरंचसं लोह तो अंगी लागू देत नाही. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, मग खुशाल प्या."

डबी कढईला म्हणाली, "तुम्ही रोज माठाच्या भाजीत स्वतःचं लोह उतरवत होतात. आणि मी ते वाटेतच अडवत होते."

"तुला कुठे ठाऊक होतं, पोरी?"

"फुशारकी तर मीच मारली ना?"



दुसऱ्या दिवशी जेवल्याबरोबर, सवयीने, ताईंनी डबीचं झाकण फिरवलं. ते हलेना. "मेली, काही कामाची नाही ही!" ताई वैतागल्या.

डबीने ते निमूट ऐकून घेतलं, पण झाकण सोडलं नाही.