डाव्या कडेचा रवळू

माळावर गोलाचे खांब नव्हते, दोन धोंडे मांडले की गोल व्हायचा, त्या काळातली ही गोष्ट. हिरण्यकेशीच्या काठी आमचं गाव, आणि गावात रवळू घेवडे नावाचा गडी होता. फुटबॉलच्या संघात डाव्या कडेला खेळायचा, तोही अनवाणी. त्यानं एकदा मारलेला चेंडू नदी ओलांडून पलीकडच्या शाळूच्या पिकात पडला आणि राखणदारानं दोन दिवस तो भोपळा समजून जपला, असं म्हणतात. नदी तेव्हा अरुंद होती का, हे विचारू नका. ऐकायचं असेल तर गप ऐकायचं.

रवळूची बायको यल्लूबाई. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण रवळनाथाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाशी सामना असायचा, तेव्हा ती डाव्या कडेच्या बाभळीखाली येऊन बसायची. चेंडू कुठंही असो, ती नवऱ्याकडेच बघायची. हरणाऱ्या गावानं जिंकणाऱ्याला जेवण घालायचं, अशी रीत होती. रवळू होता तोवर आमच्या गावानं कधी पलीकडच्यांसाठी चूल पेटवली नाही.

मग मोठी लढाई लागली आणि रवळू पलटणीत गेला. पळणारा गडी बघून साहेबांनी त्याला जखमींना उचलून आणायच्या कामावर घातलं. पत्रं यायची, मास्तर वाचून दाखवायचे. एके दिवशी सरकारी कागद आला. मास्तरांनी तो दोनदा मनात वाचला आणि म्हणाले, "यल्लूबाई, रवळूचा पत्ता लागत नाही म्हणतात."

"पत्ता लागत न्हाई म्हंजे माणूस गेला न्हवं," यल्लूबाई म्हणाली. "हुडकणाऱ्यांनी नीट हुडकलं नसंल."

तिनं कुंकू पुसलं नाही. उलट तडक संघाचा म्होरक्या भरमूअण्णा याच्या दारात गेली. "अण्णा, त्येच्या जागंवर कुणाला उभं करू नगा. जागा भरली तर त्यो माघारी कशाला यील?"

भरमूअण्णा पडला भिडस्त. त्यानं शब्द दिला. झालं, गाव दहा जणांनी खेळायला लागलं! पहिल्या वर्षी चार गोल खाल्ले, दुसऱ्या वर्षी सहा. दरवर्षी पलीकडच्या गावाला जेवण घालता घालता बायका मेटाकुटीला आल्या. तरणी पोरं कुरकुरायची, पण भरमूअण्णापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. जत्रेच्या आदल्या दिवशी यल्लूबाई रवळूची खेळायची खाकी चड्डी धुऊन वाळत घालायची. ती दोरीवर दिसली की कुरकुरणाऱ्यांचीही तोंडं बंद व्हायची.

तिसऱ्या वर्षी तर नवलच घडलं. चेंडू मोकळ्या डाव्या कडेनं बाहेर निघाला होता. तो रेषेवर थांबला, वळला आणि सरळ भरमूअण्णाच्या पायात आला, असं म्हणतात. तिथं नांगराच्या तासाची जुनी चर होती, हे मलाही ठाऊक आहे. पण यल्लूबाई बाभळीखाली ताडकन उभी राहिली, आणि त्या दिवसापासून तिची आशा दुप्पट झाली. सांगू का, मला त्या चेंडूचा रागच येतो. बाईला आणखी तीन वर्षं त्यानं झुलवत ठेवलं.

सहाव्या वर्षी सामन्याच्या सकाळी कुबडी घेतलेला एक माणूस गावात आला. साताऱ्याकडचा, ज्योत्याजी शेलार त्याचं नाव. विचारत विचारत तो माळावर पोचला. दहाच गडी उतरलेले बघून त्यानं कारण विचारलं, कुणीतरी सांगितलं. ते ऐकून त्यानं यल्लूबाई कुठं बसते ते विचारलं. मग कुबडी टेकत बाभळीपाशी गेला.

"वैनी, मी रवळूच्या पलटणीतला. लई आधी यायला पायजे हुतं. तोंड दाखवायचा धीर झाला न्हाई."

ज्योत्याजीनं सांगितलं ते असं. परमुलखातल्या एका नदीवर रवळूनं एका दिवसात दहा जखमी पाठीवर घेऊन ऐलतीरी आणले. गोळ्या त्याला बघून वाट सोडत होत्या, असं म्हणतात. दहावा ज्योत्याजी. तेवढ्यात पैलतीरावरून कुणीतरी कण्हलं. शत्रूचा शिपाई होता.

"आमी वरडलो, त्यो आपला न्हवं, जाऊ नगंस. तर म्हनला, पडलेल्याला कसली बाजू? आन् गेला." ज्योत्याजी पुढं म्हणाला. "त्याला पाठीवर घिऊन निम्म्या पाण्यात आला, आन् वरनं गोळा पडला. माज्या डोळ्यांदेखत गेला, वैनी."

यल्लूबाईनं त्याला शेजारी बसवलं. मग एवढंच विचारलं, "पायांत बूट हुतं?"

"न्हाई. काठावर काढून ठिवलं हुतं. बुटांत पळाय येत न्हाई म्हनायचा."

तेव्हा तिला पटलं. सरकारी कागदावर तिचा विश्वास नव्हता, पण हे बोलणं तिच्याच नवऱ्याचं होतं. ती उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा रेषा ओलांडून मैदानात शिरली. दोन्ही गावांचे गडी जागच्या जागी थांबले.

"अण्णा," ती म्हणाली, "अकरावा उतरवा."

भरमूअण्णा चेंडू पोटाशी धरून लहान मुलासारखा रडला. ज्योत्याजीचं बोलणं तोवर माळभर झालं होतं, कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

यल्लूबाईनं सामना मात्र थांबवू दिला नाही. कोण जिंकलं, ते आज कुणालाच सांगता येत नाही. सांगतात ते वेगळंच. खेळताना पलीकडच्या गावाचा एक गडी आपटला, तर आमच्या दोघांनी हातांचा पाळणा करून त्याला उचलला आणि बाभळीखाली नेला. यल्लूबाईनं त्याला तांब्यातलं पाणी पाजलं. त्या दिवशी दोन्ही गावं एका पंगतीत जेवली.

ती रीत आजही चालू आहे. आमच्या माळावर कुणीही पडला, तर त्याला समोरच्या संघानं उचलायचं. पोरगं ओरडत असतं, "आरं, सोडा, मला चालाय येतंय!" त्याचं कुणी ऐकत नाही. बाभळीखाली गावातली एखादी बाई तांब्या घेऊन बसलेलीच असते. ती म्हणते, "रवळूचं पाणी हाय, पी," आणि मग कुठल्याही गावचा असो, तो गुमान पितो.