हॅकर कोणासाठी येतो?

सगळा दोष अध्यक्ष भाऊसाहेब वारंगांचा. गावच्या अभ्यासिकेतलं वायफाय बंद करायचं खूळ त्यांच्याच डोक्यातून निघालं. राउटरला लिंबू-मिरची तर त्यांनी आधीच बांधली होती. उद्या परीक्षेच्या अर्जाची मुदत संपत होती आणि पोरं त्याच वायफायवर अर्ज भरत होती, पण समितीतल्या म्हाताऱ्यांना त्याचं काय! सभेत ते नुसते माना डोलवत बसले.

भाऊसाहेब म्हणाले, "हॅकर वायरीतून शिरतो. मला रोज त्याचे फोन येतात. तो मोठी माणसंच हेरतो. तुमच्यासारख्या चिल्लर पोरांना कोण विचारतो?"

मागून सुलभा कोयंडे उठली. तिचा अर्ज अर्धाच भरून झाला होता.

"म्हणजे भाऊसाहेब, इथे तो फक्त तुमच्यासाठी येणार?"

"अर्थात!"

"मग वायफाय कशाला काढताय? तुम्हीच निघा. आम्हा चिल्लरांकडे तो फिरकायचाही नाही. की तुम्ही तेवढे मोठे नाही?"

म्हातारे झोपेतून उठल्यासारखे हसले. भाऊसाहेब घाम पुसत राहिले, पण "मी मोठा नाही" एवढे शब्द काही त्यांच्या तोंडातून फुटेनात. शेवटी त्यांनी राजीनामा लिहून दिला.

वायफाय राहिलं. भाऊसाहेबांचं अध्यक्षपद गेलं.