देवटेंबच्या अठरा पायऱ्या

भाविकहो, देवटेंब ज्याने पाहिले नाही त्याने आपण कोकणचा किनारा पाहिला असे म्हणू नये! तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूने खाडीकडे उतरणारी एकच वाट, त्या वाटेवर जांभ्या दगडाची वेस, आणि वर कड्याच्या माथ्यावर दाटीवाटीने बसलेली घरे. त्या काळी चाचे गलबते घेऊन येत, मान वर करून गावाकडे बघत आणि मुकाट्याने निघून जात. अशा त्या गावात दर्यानाथ महाराज आले आणि गावाचेच होऊन राहिले. देवळामागे गोड्या पाण्याचा झरा होता, तिथे त्यांचे आसन असे.

कड्याच्या पायथ्याला, अगदी लाटांच्या तोंडाशी, खालची वाडी. तिथल्या विहिरीचे पाणी मचूळ. म्हणून वाडीतल्या बायका पाण्याला या झऱ्यावर येत. खाडीच्या वाटेने यायचे तर अर्धा दिवस मोडायचा, तेव्हा त्या डोक्यावर हंडे घेऊन सरळ कड्यावरूनच चढउतार करीत. रवळू पाथरवटाची बायको तिथेच पाय घसरून गेली. रवळूने तिचे तेरा दिवस केले. चौदाव्या दिवशी महाराजांसमोर येऊन तो ओक्साबोक्शी रडला.

महाराजांनी त्याला पोटभर रडू दिले. मग म्हणाले, "तुझ्या हातात टिकाव आहे ना रे? मग चिरा तोड, देवाचं नाव घे आणि बसव. दुसऱ्या कुणाची बाई तिथं पडता कामा नये."

झाले! रवळूने कंबर कसली. त्याने वाडीतल्या बायकांना भरले हंडे घेऊन चालायला लावले आणि त्यांचा पाय किती वर उचलला जातो ते खाली बसून पाहिले. अर्धी वीत, त्याहून जास्त नाही. मग प्रत्येक पायरी त्याने बरोबर अर्धी वीत उंचीची केली. कधी आठवड्याला चार पायऱ्या होत, कधी एकही नाही. अशी तीन वर्षांत त्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, जवळजवळ माथ्याला आली.

गावाचे खोत होते अंताजी. वेशीची किल्ली त्यांच्या कमरेला, आणि ताठा असा की देवासमोरसुद्धा मान जेमतेम हलायची. ते कड्यावर उभे राहून हसत. "अरे रवळू, माणसांसाठी बांधतोस की कोंबड्यांसाठी? एवढ्या बुटक्या पायऱ्या!"

रवळू मान खाली घालून टिकाव चालवी. पण एक दिवस खोतांनी देवळात सगळ्यांसमोर आवाज चढवला. "गाव टिकलं ते एका वेशीमुळे. हा शहाणा चाच्यांना जिना बांधून देतोय!"

लोक कुजबुजू लागले. महाराज मात्र शांतपणे म्हणाले, "अंताजी, पायरीवरून येणाऱ्या चाच्याला वरून धोंडा लोटायला गावातली एक म्हातारी पुरे. उगाच घाबरू नकोस."

लोक हसले. ते हसू खोतांना झोंबले. "ठीक आहे! मार्गशीर्षाच्या जत्रेदिवशी सूर्य मावळायच्या आत पाखाडी माथ्याला लागली तर राहील. नाही लागली तर एकेक चिरा उपटून समुद्रात टाकीन!"

जत्रेचा दिवस उजाडला तेव्हा अठरा पायऱ्या राहिल्या होत्या. त्याही सरळ उभ्या कातळात! रवळूने रात्रीच टिकावाला धार लावून ठेवली होती. तो पहाटे महाराजांच्या पाया पडायला गेला, तर महाराज म्हणाले, "आज काम नको. आज माझ्यासमोर बस आणि टाळ धर."

रवळूच्या मनात आले, अठरा पायऱ्या एका माणसाच्या हातून होणार नव्हत्याच, पण निदान हात चालवत हरलो असतो! तरी तो बसला. महाराजांचा शब्द त्याने आजवर मोडला नव्हता. सकाळपासून महाराज चिपळ्या घेऊन भजनात दंग, सगळा गाव समोर, आणि रवळूचे हात टाळावर असले तरी जीव कड्यावर टांगलेला. दुपार कलली. खोत मिशीला पीळ देत आले, मागे पहारी घेतलेली चार माणसे.

"बघा, बघा! टिकाव टाकून टाळ कुटतोय! सूर्य बुडाला की उपटा रे ते चिरे."

रवळूच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागले. महाराजांनी भजन थांबवले नाही.

तेवढ्यात कड्याच्या बाजूने आरडाओरडा झाला. चार खलाशी, दोन वल्ह्यांना शिडाच्या कापडाची झोळी बांधून, धापा टाकत देवळाच्या अंगणात शिरले. पुढे होता होडीचा तांडेल, जैतू. "चंद्राआजीला बोलवा! खोतांची येसू आहे. माहेरी येताना होडीतच अडली बाय!"

खोतांच्या तोंडचे पाणी पळाले. एकुलती एक लेक! सुईण चंद्राआजी जत्रेतून पदर खोचत धावली आणि झोळी खोतांच्या घरात नेली. बाप उंबऱ्याबाहेर येरझाऱ्या घालत होता. घटकाभराने आतून बाळाचा टाहो ऐकू आला, पाठोपाठ आजीचा आवाज. "नातू झाला, दोघंही सुखरूप हो! आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं!"

खोतांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तांडेलाला विचारले, "खाडीची वाट तर अर्ध्या दिवसाची. तुम्ही एवढ्यात कसे आलात?"

"पाखाडीनं."

"पाखाडी अठरा पायऱ्या खालीच संपते, जैतू!"

"कोण म्हणतं? मग मी झोळी घेऊन उडत आलो काय? पायऱ्या बुटक्या म्हणून बरं, बायला धक्कासुद्धा लागला नाही!"

सगळा गाव कड्याकडे धावला. उभ्या कातळात ताज्या तोडीच्या अठरा पायऱ्या! रवळू गुडघ्यांवर बसला आणि वितीने मोजत खाली गेला. प्रत्येक पायरी बरोबर अर्धी वीत. खोत आणि त्यांची माणसे सोडली तर सकाळपासून गावातला एकही माणूस देवळाबाहेर नव्हता, मग हे हात कुणाचे? लोकांनी तोंडात बोटे घातली.

खोत देवळाकडे परतले. महाराज जागचे हललेसुद्धा नव्हते. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या, तेव्हा दोन्ही तळहात फोडांनी भरलेले आणि नखांत जांभ्याची तांबडी माती!

"महाराज!" म्हणून खोत धाडकन पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "मी तर सगळ्यांसमोर भजन करत होतो, अंताजी. तीन वर्षं ज्याला हसलास, त्याच्याकडे जा."

खोतांनी पागोटे काढले आणि भरल्या जत्रेत रवळूच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो रे बाबा. माझ्या लेकीला तू वर आणलंस."

रवळूला काय करावे सुचेना. त्याने खोतांना दोन्ही खांद्यांना धरून उठवले आणि म्हणाला, "खोतांनु, आधी घरी जा. नातवाचं तोंड तुम्ही अजून पाहिलं नाही."