शुभेच्छुक: भिकाजीपंत कासव

अगदी अलीकडची गोष्ट. एका जंगलात लोकशाही नांदत होती. म्हणजे राजा मतदानाने निवडला जाई आणि दर वेळी तरसच निवडून येई. तरससाहेब कशालाही हसायचे, आणि हसरा नेता म्हणून प्रजेला त्यांचं फार कौतुक.

या जंगलात बातम्या वेलीवर येत. झाडाझाडांवर पसरलेल्या वेलीच्या पानांवर टिटवीबाई ‘रानवार्ता लाइव्ह’ चालवायच्या. मालक, संपादक, वार्ताहर सगळं त्याच. बहुतेक जनावरं मथळा बघून अंगठा उमटवायची. अंगठा नसलेली खूर. बातमी शेवटपर्यंत वाचणारा वाचक एकच, तळ्यातले म्हातारे भिकाजीपंत कासव. वाचून खाली आपलं मत लिहायची त्यांना खोड होती.

हल्ली त्यांचं एकच मत होतं. तळं आटत चाललं होतं, कारण साहेबांनी चर खणून पाणी आपल्या गुहेमागच्या हौदात वळवलं होतं. दुसरं तळं दोन डोंगरांपलीकडे. कासवाच्या चालीने तिथे पोचेपर्यंत पंतांची सुकट झाली असती.

“बाई, एवढी बातमी लावाच,” पंत म्हणाले.

“पंत, तुमचं लिखाण म्हणजे काय सांगू! पण आज साहेबांचा वाढदिवस. सगळी पानं शुभेच्छांना गेलीत.”

“मग उद्या?”

“उद्या साहेबांच्या पुतण्याचा. परवा पुतण्याच्या मित्रमंडळाचा.”

“मित्रमंडळाला वाढदिवस असतो?”

“त्या जाहिरातींवर माझी पिल्लं जगतात! मला पत्रकारिता शिकवू नका. ‘निर्भीड’ असं पानावर वरच लिहिलंय.”

पंतांनी मान कवचात ओढून घेतली. रागावले की ते आत जाऊन विचार करत. शुभेच्छांचा मजकूर टिटवीबाई वाचत नाहीत, फक्त साहेबांचा फोटो मोठा आहे ना ते बघतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग पंतांनीही शुभेच्छाच दिल्या:

‘तळ्याचं पाणी चर खणून स्वतःच्या हौदात नेणारे, तहानलेल्यांना दात दाखवून पिटाळणारे, दमदार नेतृत्व, वनभूषण मा. तरससाहेब यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: भिकाजीपंत कासव आणि समस्त तहानलेले.’

आता भडका उडणार, म्हणून पंत चिखलात वाट बघत बसले.

पहिलं हरीण आलं. “हार्दिक शुभेच्छा साहेब!” मग ससा. “एकच साहेब!” मग माकड. “हौद बांधावा तर साहेबांनीच!”

“अरे गाढवांनो, वाचा तरी!” पंत ओरडले.

काठावरचं गाढव दुखावलं. “वाचलंय की. साहेबांनी पाणी नेलं. त्याला धमक लागते, पंत. तुमच्याच्याने झालं असतं?”

झाकलेलं उघडं केलं की लोक चिडतात, या एका समजुतीवर पंतांनी जन्मभर मतं लिहिली होती.

संध्याकाळी साहेबांचा सत्कार झाला. मांडव तळ्यातच घातला होता, कारण आता तिथे ऐसपैस जागा होती.

“विरोधक म्हणतात, पाणी नेलं,” साहेब हसत म्हणाले. “अरे, नेलं! पण लपवून नेलं का? वेलीवर छापून नेलं! आमचा कारभार पारदर्शक आहे. विचारा या ज्येष्ठ वाचकांना!”

पंतांना शाल पांघरवण्यात आली. ती कवचावरून घसरली, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या पंजाने पुन्हा पांघरवली आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. घोषणा देऊन देऊन घसे कोरडे पडले, तशी प्रजा उठली आणि साहेबांच्या हौदापुढे रांगेत उभी राहिली. पंतही तिथवर सरपटत गेले. दुसरीकडे जाणार कुठे?

तिथे लाभार्थ्यांना ओंजळभर पाणी मोफत मिळत होतं. योजनेला साहेबांचं नाव होतं, आणि आधी आभार, मग पाणी, असा नियम होता. पंतांनी मान बाहेर काढली आणि आभार मानले.