पावलाशेजारची जागा

या रानात माणूस यायच्या कितीतरी आधीचा एक रिवाज होता. उसनं घेणाऱ्याने आणि त्याच्या जामिनाने ओढ्याकाठच्या चिखलात शेजारी शेजारी पाऊल उमटवायचं.

एक तरणा वानर पलीकडच्या काठावर नवी टोळी मांडायला निघाला. त्याने शेकरूकडे बिया उसन्या मागितल्या. शेकरूच्या घरट्यात पिल्लं होती आणि साठा तेवढाच होता. त्याने वानराच्या बापाला, मोठ्या टोळीच्या हुप्प्याला बोलावून घेतलं.

हुप्प्या फांदीवरूनच म्हणाला, "पोरगं आमचंच आहे. त्याचं सगळं नीट व्हावं, अशी आमची इच्छा आहे. तुम्ही काळजी करू नका."

एवढा मोठा हुप्प्या आपल्याला 'तुम्ही' म्हणतो, याचंच शेकरूला अप्रूप वाटलं. खाली उतरा म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने बिया दिल्या.

उन्हाळ्यात नवी टोळी मोडली आणि तरणा वानर परागंदा झाला. पिल्लं भुकेने रडू लागली, तसं शेकरू हुप्प्याकडे गेलं.

"तुम्ही शब्द दिला होता."

"आठवतोय की," हुप्प्या उंबर खाता खाता म्हणाला. "आमची इच्छा अजूनही तीच आहे."

शेकरू ओढ्याकाठी आलं. चिखल वाळून दगड झाला होता. त्यात तरण्या वानराचं पाऊल स्पष्ट उमटलं होतं. शेजारची जागा गुळगुळीत होती.