जांभळा धागा

एका गावात एक बाजार होता, आणि गावातल्या माणसांपेक्षा त्याच्याच लक्षात जास्त राहत असे. गिऱ्हाईक आलं की दुकानदार विचारी, “पिशवीला धागा बांधू का?” भाव करण्याच्या नादात गिऱ्हाईक म्हणे, “बांधा, बांधा.” पुढच्या खेपेला धाग्याच्या गाठी पाहून कासारणीला बांगडीचं माप कळे, गिरणीवाल्याला दळण किती जाड हवं ते कळे. कुणाला काही पुन्हा सांगावं लागत नसे.

पद्मजा लग्न होऊन नुकतीच त्या गावात आली होती. तिला तबला शिकायचा होता. सासूबाई एकदा ‘नाही’ म्हणाल्या की ते कायमचंच ‘नाही’, हे तिने पाहिलं होतं. म्हणून घरची आमटी जमली की मगच तबल्याचं नाव काढायचं, असं तिने ठरवलं होतं. एकदा बाजारात एकटीच असताना ती वाद्यांच्या दुकानात शिरली, तबल्यावर बोट टेकवलं आणि धागा बांधून घेऊन निघाली.

पुढच्या बाजाराला सासूबाई सोबत होत्या. कापडवाला ओरडला, “वहिनी, तबल्याला गवसणी शिवून देऊ का?” भजीवाल्याने हाक मारली, “या तबलजी! तिखट की साधी?”

सासूबाई थबकल्या. “आपल्याकडे तबला कोण वाजवतं गं?”

पद्मजाने पिशवी पदराआड घेतली. सासूबाई मसाल्याच्या दुकानात गुंतल्या तशी ती कासारणीकडे धावली आणि पिशवी पालथी करून पाहिली. प्रत्येक दुकानाच्या धाग्याशेजारी एकेक जांभळा धागा होता.

“हा कुणाचा?”

कासारणीने कोपऱ्यात बसलेल्या जांभळ्या फेटेवाल्याकडे पाहिलं. “त्याचा. त्याची माणसं सगळ्या दुकानांत बसतात. तू कुठे थांबलीस, ते गाठींवरून वाचतात आणि बाजारभर सांगतात. बसायचं भाडं देतात आम्हाला.”

“आणि मला विचारलंसुद्धा नाही?”

“विचारलं की! तू ‘बांधा’ म्हणालीस. कुणाकुणाचा, ते कुठे विचारलंस?”

पद्मजाने रागाने सगळेच धागे तोडून टाकले. कासारणीने निमूटपणे तिचा हात धरला आणि नव्याने माप घ्यायला एक घट्ट बांगडी चढवली.

“आई गं!”

“मग? माझाही धागा तोडलास ना.”

पद्मजाला हसू आलं. “बरं, तुमचा बांधा. त्याचा नको.”

कासारणीने आपला धागा पुन्हा बांधला. मग फेटेवाल्याला म्हणाली, “ऐकलंस ना? हिच्या पिशवीला हात लावायचा नाही.” त्यानंतर तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही धाग्यांचं वेगवेगळं विचारायला सुरुवात केली. जांभळ्याला बहुतेक जणी नकोच म्हणत.

आता बाजार गप्प बसणार होता. पद्मजालाही गप्प बसता आलं असतं. पण घरी परतताना वाटेत ती सासूबाईंना म्हणाली, “आत्याबाई, तो तबला माझ्यासाठीच. मला शिकायचाय. मीच सांगणार होते तुम्हाला, पण बाजाराने आधी सांगितलं.” आणि त्या पिशवीची सगळी हकिगत तिने सांगून टाकली.

 सासूबाईंनी आपली पिशवी पुढे केली. “आधी माझ्या पिशवीचे जांभळे काढ. मी कुठे कुठे थांबते, ते गावाला कशाला?” चार पावलं चालून त्यांनी विचारलं, “आणि तो तबला केवढा असतो गं? माजघरात मावेल ना?”

तात्पर्य: वेबसाइट कुकीजसाठी परवानगी मागते, तेव्हा ती आपल्या ब्राउझरला असेच धागे बांधत असते. घाईने सगळ्याला ‘हो’ म्हणू नये. कामाचे ठेवावेत, परक्याचे नाकारावेत आणि अधूनमधून सेटिंग्जमध्ये जाऊन जुने काढून टाकावेत. आपल्या मनातलं कुणाला आणि कधी सांगायचं, हे आपणच ठरवावं.